पोरांचं चुकलं की स्वतःला दोष देणं: स्वभाव की सवय?

जतचा मास्तर:
नमस्कार मंडळी. जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीलगत जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरीचा वर्ग. बऱ्याच पोरांच्या घरी कन्नड. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात.

परवा 42 वजा 17 घातलं. सहा वह्यांत उत्तर 35! रात्रभर डोळा लागला नाही. माझंच शिकवणं कमी पडलं, हेच डोक्यात. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, "आईबाप फडात, भाषा वेगळी, आपल्या हातात काय आहे?" तेही मनापासून शिकवतात, म्हणूनच कोडं पडलंय. डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ रॉटरचं नियंत्रण केंद्र शिकलो होतो, म्हणजे जे घडतं ते आपल्या हातात आहे की नशिबाच्या, परिस्थितीच्या, असं माणूस मानतो ते. हा फरक मुळात स्वभावाचाच का?

विट्याची बाई:
सर, थोडा स्वभावाचा आहेच. काटेकोर, नेटानं काम करणारी माणसं बहुधा 'माझ्या हातात आहे' म्हणतात. सतत धास्तावलेली नशिबाकडे झुकतात. पण रॉटरनं 1966 मध्ये मांडलं ते जन्मजात म्हणून नव्हे, अनुभवातून मनात बसलेली अपेक्षा म्हणून. म्हणजे ती बदलते.

दुसरं, तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. रोझ आणि मेडवे या संशोधकांनी 1981 मध्ये खास शिक्षकांसाठी हेच मोजणारी 28 प्रश्नांची मापनी केली. त्यात पोरांच्या यशाचे प्रश्न वेगळे, अपयशाचे वेगळे. तुम्ही फक्त अपयश अंगावर घेताय. यातलंच एखादं पोर पहिल्यांदा मराठी धडा घडाघडा वाचायला लागलं, तेव्हा 'हे माझ्यामुळे' म्हणालात का? की पोरगं हुशारच आहे म्हणून मोकळे झालात?

निवृत्त गुरुजी, कोरेगाव:
मास्तर, 35 कसं आलं ते बघा की. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरांनी सातातून दोन काढले. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा आणि पोरांच्याच हातानं सोडवा.

जतचा मास्तर:
बाई, नाही म्हणालो कधी. खरंच नाही.

गुरुजी, आज कडब्याच्या काड्या घेतल्या. त्या सहा जणांतल्या एका पोरीनं जुडीची सुतळी सोडली आणि ओंदु, एरडु, मूरु करत कन्नडमध्ये मोजायला लागली. बारा काड्यांतून सात बाजूला केल्या, पाच उरल्या. 25 लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं. शेजारचे सर दारात उभे होते, जुड्या मागून घेऊन गेले.

दिवाळीनंतर ती फडावर जाणारच. चार जुड्या तिच्या दप्तरात घालून देतोय.