ईपीएबीएक्सला बाहेरून होल्ड म्युझिक जोडलं, पण घुंईं आवाज येतो आणि गाणं फाटतं

अंधेरी_ॲडमिन
नमस्कार मंडळी. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. ॲनालॉग ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज), ८ ट्रंक लाइन म्हणजे बाहेरच्या लाइन आणि ४८ एक्स्टेन्शन म्हणजे आतले फोन. होल्डवर एक्स्चेंजची जी मूळ टिंगटिंग धून वाजते ती बदलायची आहे. मशिनच्या मागे म्युझिक इनचा, म्हणजे बाहेरचं संगीत आत घेण्याचा, आरसीए सॉकेट (मधे पिन, भोवती रिंग असलेला ऑडिओ जोड) आहे. रिसेप्शनवर पेन ड्राइव्हचा एमपी३ प्लेअर ठेवलाय. त्याच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमी-टू-आरसीए वायर फॉल्स सीलिंगवरून एक्स्चेंजच्या खोलीत नेली आहे, साधारण १८ मीटर. प्रोग्रामिंगमध्ये सोर्स 'एक्स्टर्नल' केला आहे.

गाणं वाजतं, पण मागे सतत घुंईं येते. व्हॉल्यूम वाढवला की आवाज फाटतो, कमी केला की घुंईंच जास्त ऐकू येते. मोबाइलवरून फोन करणाऱ्यांना गाणं मधेच गायब झाल्यासारखं वाटतं. शिवाय रविवारी इमारतीची वीज बंद ठेवली की सोमवारी प्लेअर गप्प असतो आणि होल्डवर नुसती शांतता. व्हेंडर म्हणतो मशिनमधलं पूर्ण कार्ड (सर्किट बोर्ड) बदला. खरंच लागेल का?

तारजोडणी
कार्ड बदलू नका. तुम्ही लिहिलंय त्यात कार्डाचा दोष कुठेच दिसत नाही. घुंईं अर्थिंगची आहे आणि फाटणं लेव्हलचं, म्हणजे सिग्नलच्या कमीजास्त जोराचं.

आधी घुंईं नक्की कुठून शिरते ते शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. एका बाहेरच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावून होल्डवर ठेवा आणि ऐकत राहा. प्लेअरचा ॲडॉप्टर काढून तो पॉवर बँकेवर चालवा. घुंईं गेली तर ती ॲडॉप्टरमार्फत येत होती. दोन पिनांच्या स्वस्त ॲडॉप्टरमध्ये आतल्या कपॅसिटरमधून मेन्सची थोडी गळती आउटपुटवर येते, आणि ईपीएबीएक्सची बॉडी अर्थिंगला जोडलेली असल्यामुळे तो प्रवाह तुमच्या ऑडिओ वायरच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) वाहतो. पॉवर बँकेवरही घुंईं राहिली तर ३.५ मिमीची पिन प्लेअरमधून उपसा आणि तिचं टोक व बूड एका छोट्या वायरने शॉर्ट करा. तरीही आवाज येत असेल तर वायर सीलिंगमध्ये कशाच्या तरी शेजारून जाते आहे. एसीच्या २३० व्होल्टच्या केबलीबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकलेली असेल तर ती कितीही शील्डेड असली तरी घुंईं उचलणार.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा.

पहिला, प्लेअर रिसेप्शनवरून हलवा आणि ईपीएबीएक्सच्या शेजारी ठेवा. रोज हात लावायची गरज नसलेली वस्तू १८ मीटर लांब ठेवण्यात काहीच फायदा नाही. वायर १ मीटरवर आली की निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

दुसरा, मधे १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, ६०० ओहम ते ६०० ओहम. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटा मिळतो. गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमसाठी 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाने तयार डबी मिळते, तीही चालते, कारण आत हेच ट्रान्सफॉर्मर असतात. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज चुंबकीय मार्गाने जातो, तांब्याचा जोड राहत नाही, त्यामुळे अर्थचा फेरा तुटतो. एक अट पाळा: प्लेअरकडचं ग्राउंड आणि ईपीएबीएक्सकडचं ग्राउंड कुठेही एकमेकांना भिडवू नका. दोन्ही बाजू एकाच लोखंडी डबीत बसवून दोन्ही शील्ड डबीला सोल्डर केली की ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा.

आता स्टीरिओ-मोनो. प्लेअरचं आउटपुट स्टीरिओ, ईपीएबीएक्सचं इनपुट मोनो. लेफ्ट आणि राइट थेट पिळून एकत्र करू नका. दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर लोड होतात आणि आवाज फाटतो. तुमची वायर दोन आरसीएची असेल आणि एकच लावली असेल तर अर्धं गाणंच पोचतंय. लेफ्टला ४७० ओहम, राइटला ४७० ओहम असे दोन पाव वॅटचे रेझिस्टर लावा, त्यांची पुढची टोकं एकत्र करून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (प्लेअरकडच्या वेटोळ्याच्या) एका टोकाला द्या. प्लेअरचं ग्राउंड प्रायमरीच्या दुसऱ्या टोकाला. सेकंडरीच्या (ईपीएबीएक्सकडच्या वेटोळ्याच्या) दोन तारा आरसीएच्या पिनला आणि बाहेरच्या रिंगला. इनपुट हाय इम्पिडन्सचं (जास्त विरोधाचं) असेल, म्हणजे मॅन्युअलमध्ये १० किलो ओहम वगैरे दिलं असेल, तर सेकंडरीवर आडवा ६८० ओहमचा एक रेझिस्टर टाका. ट्रान्सफॉर्मरला योग्य लोड मिळतो आणि आवाज चिरका होत नाही.

आणखी एक, कारण ही चूक मशीन जाळते: ज्यांच्या मशिनला म्युझिक इन नाही त्यांनी प्लेअर एक्स्टेन्शनच्या जोडीवर कधीही लावू नये. तिथे फोन खाली असताना ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि रिंग आली की त्यावर ७५ व्होल्टच्या घरात एसी चढतो.

स्वरमापक
तारजोडणींनी जोडणी नीट सांगितली आहे. लेव्हलबद्दल लिहितो, कारण गाणं फाटण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

म्युझिक इनला लेव्हल बेताचीच लागते. टेलिफोनच्या मापात (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं एकक) −१० डीबीएम म्हणजे ६०० ओहमवर सुमारे ०.२५ व्होल्ट. हेडफोन आउटपुट पूर्ण उघडलं तर ते सहज याच्या दुप्पट-तिप्पट जातं. व्हॉल्यूम एक तृतीयांशावरून सुरू करा. मोजायचं असेल तर पेन ड्राइव्हवर ४०० हर्ट्झचा एकसुरी टोन टाका, गाण्यावर मीटरचा काटा स्थिर राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या छोट्या पिवळ्या मल्टिमीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासूनच सुरू होते, त्यावर पाव व्होल्ट दिसणार नाही. २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्ट एसी रेंज असलेला मीटर घ्या. ईपीएबीएक्समध्येही म्युझिकचा गेन (आवाज वाढवण्याची सेटिंग) असतो. तो मध्यावर ठेवून प्लेअर वरखाली करा, दोन्हीकडे एकदम हात घालू नका.

गाणं 'मधेच गायब' होतं ते मात्र वायरिंगमुळे नाही. साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच नेते. डग्ग्याचा घुमारा, बास गिटार, वरची झांज यातलं जवळपास काही पोचत नाही. पुढे मोबाइलच्या नेटवर्कवर आवाज बोलण्यासाठी बनवलेल्या कोडेकमधून (आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीतून) जातो. बोलणं आणि शांतता वेगळी ओळखण्याची त्याची पद्धत संगीतावर चुकते. तंबोऱ्यासारखा सलग सूर किंवा अगदी हळू आलाप त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट वाटतो आणि तो दाबला जातो. लँडलाइनवर उत्तम आणि मोबाइलवर तुटक, याचं कारण हेच.

म्हणून निवड महत्त्वाची. बासरी, सतार, संतूर, पेटी, एकच वाद्य आणि मध्य लयीत बांधलेलं, हे फोनवर स्वच्छ ऐकू येतं. ऑर्केस्ट्रा आणि ढोल-ताशा टाळा. फाइल ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडून मोनो करा, ३०० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास, ३४०० च्या वरचं कापणारा लो-पास लावा, मग कंप्रेसर. हळू आणि मोठ्या भागातला फरक ६ ते ८ डेसिबलच्या आत आणा. सर्वोच्च पातळी −६ डीबीवर ठेवा. दोन गाण्यांमध्ये एका सेकंदापेक्षा जास्त शांतता नको, कारण होल्डवरचा माणूस तेवढ्यात 'हॅलो, हॅलो' म्हणून फोन ठेवतो. वादकांनी तासन्‌तास सराव करून वाजवलेलं संगीत ग्राहकाच्या कानावर पडायचं असेल तर ते नीट पडावं, एवढी मेहनत त्याला द्यायलाच हवी.

तारजोडणी
वीज गेल्यावर प्लेअर गप्प होतो त्याबद्दल राहिलं. स्वस्त प्लेअर वीज आली की ब्लूटूथ मोडमध्ये उभे राहतात, काही तर तसं मोठ्याने बोलतातही, आणि ते ग्राहकाला ऐकू जातं. वर ऑफिसातला कोणीही आपला मोबाइल त्याला जोडू शकतो. ब्लूटूथ नसलेला, वीज येताच आपोआप पहिल्या फाइलपासून वाजणारा आणि सगळं पुन्हा पुन्हा वाजवणारा प्लेअर घ्या. दुकानातच तपासा: प्लग काढा, एक मिनिट थांबा, परत लावा, हात न लावता वाजला पाहिजे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा.

प्लेअर ईपीएबीएक्सच्याच यूपीएसवर लावा. पण एक्स्चेंजच्या ४८ व्होल्ट बॅटरीवरून साध्या कन्व्हर्टरने ५ व्होल्ट काढून प्लेअर चालवू नका. टेलिफोनच्या ४८ व्होल्टमध्ये पॉझिटिव्ह टोक अर्थ असतं. साधा कन्व्हर्टर निगेटिव्ह दोन्हीकडे एकच ठेवतो, मग प्लेअरचं ग्राउंड उणे ४८ व्होल्टवर बसतं आणि ऑडिओ शील्ड अर्थला लागताच शॉर्ट होतो. करायचंच असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टर.

पावसाळ्यात आरसीएच्या पितळी पिना हिरव्या पडतात आणि खरखर येते. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोनदा आत-बाहेर करा.

लोअरपरळ_आयटी
आमच्याकडे आयपी पीबीएक्स (नेटवर्कवर चालणारं एक्स्चेंज) आहे, मागे जॅकच नाही. बाहेरचा प्लेअर जोडायचा कसा?

स्वरमापक
ताई/दादा, जोडूच नका, फाइल अपलोड करा. डब्ल्यूएव्ही, ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. ४४१०० ची स्टीरिओ फाइल टाकली तर काही सिस्टिम ती नाकारतात, काही वेड्यावाकड्या वेगाने वाजवतात. भारतात जी.७११ कोडेकचा ए-लॉ प्रकार वापरतात, तोच ट्रंकवर ठेवा. जी.७२९ हा दुसरा कोडेक फक्त ८ केबीपीएसमध्ये बोलणं नेतो, संगीत त्यात ओल्या कागदासारखं होतं. ए-लॉला हेडरसकट साधारण ८७ केबीपीएस प्रति कॉल लागतात, आजच्या लाइनवर ते परवडतं. गेटवेवर (आयपी सिस्टिम टेलिफोन लाइनला जोडणाऱ्या यंत्रावर) सायलेन्स सप्रेशन, म्हणजे शांततेत आवाज पाठवणं थांबवणारी सोय, चालू असेल तर बंद करा. ॲस्टेरिस्क (एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर कस्टम मोडमध्ये साउंड कार्डवरून थेट सोर्स देता येतो, पण तिथे सगळ्यांना एकच प्रवाह मिळतो, म्हणजे कॉल करणारा गाण्याच्या किंवा निवेदनाच्या मधोमध येऊन पडतो. बाहेरच्या प्लेअरचंही तसंच होतं. म्हणून निवेदन असेल तर ते छोटं ठेवा आणि दर २०-३० सेकंदांनी परत येऊ द्या.

हक्क_आणि_परवाना
गाणं निवडताना हे विसरू नका. सीडी किंवा ॲपचं सबस्क्रिप्शन स्वतः ऐकण्यापुरतं असतं, ग्राहकांना ऐकवण्यासाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्द व चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड जुनी असली तरी चाल मोकळी असेलच असं नाही. चित्रपटगीत वापरायचं असेल तर ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-संगीतासाठी आयपीआरएस या परवाने देणाऱ्या संस्थांकडे विचारा. सोपा मार्ग: पारंपरिक राग एखाद्या वादकाकडून मानधन देऊन वाजवून घ्या आणि वापराची परवानगी लेखी घ्या. एफएम रेडिओ लावणं तर टाळाच. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय तुमच्याच ग्राहकाला प्रतिस्पर्ध्याची जाहिरात ऐकू जाते.

अंधेरी_ॲडमिन
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका: आमचे मॅनेजर बाहेरच्या कॉन्फरन्स कॉलवर असताना होल्ड दाबतात, तेव्हा तिकडच्या सगळ्यांना आमचं संगीत ऐकू जातं म्हणे. ते थांबवता येईल का?

तारजोडणी
येईल. ईपीएबीएक्सला कॉन्फरन्स कळत नाही, त्याला ती एक साधी ट्रंक दिसते, म्हणून तो संगीत सोडतो. मॅनेजरांच्या एक्स्टेन्शनच्या क्लास ऑफ सर्व्हिसमध्ये (त्या फोनला कोणत्या सोयी द्यायच्या ती सेटिंग) होल्ड म्युझिक बंद करून तिथे शांतता किंवा टोन ठेवा, आणि त्यांना होल्डऐवजी फोनवरचं म्यूट बटण दाबायला सांगा. काही मशिन्समध्ये ही सेटिंग एक्स्टेन्शनवर नसून ट्रंक ग्रुपवर असते. तसं असेल तर कॉन्फरन्ससाठी एक ट्रंक वेगळ्या ग्रुपमध्ये काढा, तिचा म्युझिक सोर्स 'नन' करा, आणि मॅनेजरांना त्याच ग्रुपचा ॲक्सेस कोड द्या.