शाश्वत गुंतवणुकीमुळे मालमत्ता व्यवस्थापन कंपनीचे मूल्य खरोखर वाढते का?

प्रश्न:
नमस्कार. शेअर बाजारात नोंदणी झालेल्या मालमत्ता व्यवस्थापन कंपन्यांचे (शुल्क घेऊन ग्राहकांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपन्यांचे) मूल्यांकन करताना मी आजवर त्यांच्याकडील एकूण मालमत्ता, शुल्काचा दर आणि नफा यांवरच भर देत आलो आहे. एखाद्या कंपनीचा बराचसा व्यवसाय ईएसजी फंडांवर, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार हे निकष पाहून शाश्वत गुंतवणूक करणाऱ्या फंडांवर, उभा असेल, तर तिला इतरांपेक्षा चढे पीई गुणोत्तर (शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर नफा) देण्यास काही आधार आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1:
आधी वाढीव नफा कोठून येणार ते पाहावे. समजा, एक लाख कोटी रुपये सांभाळणाऱ्या कंपनीला सरासरी 0.50 टक्के शुल्क मिळते. म्हणजे उत्पन्न 500 कोटी, आणि खर्च 200 कोटी धरला तर करपूर्व नफा 300 कोटी. स्पर्धेपायी शुल्क 0.45 टक्क्यांवर आले, तर 50 कोटी थेट नफ्यातून जातात, कारण फंड व्यवस्थापकांचे आणि संशोधकांचे पगार त्यामुळे कमी होत नाहीत. निर्देशांकावर चालणारे स्वस्त ईएसजी फंड आल्यापासून हा दबाव खराच आहे. त्यामुळे चढ्या गुणोत्तराला माझ्या मते एकच भक्कम आधार उरतो, तो म्हणजे ग्राहकांचा पैसा किती काळ टिकतो.

येथे पैसा किती ग्राहकांमध्ये विभागलेला आहे हे निर्णायक ठरते. मार्च 2024 मध्ये टेक्सासच्या शालेय निधीने ईएसजी धोरणाला विरोध म्हणून ब्लॅकरॉक या अमेरिकी मालमत्ता व्यवस्थापन कंपनीकडून सुमारे 8.5 अब्ज डॉलर काढून घेण्याचे जाहीर केले. परंतु ब्लॅकरॉककडे तेव्हा सुमारे दहा लाख कोटी डॉलर होते, म्हणजे ही रक्कम त्याच्या हजाराव्या भागाइतकीही नव्हती. याउलट जवळजवळ संपूर्णपणे शाश्वत गुंतवणुकीवर उभ्या असलेल्या लंडनच्या इम्पॅक्सकडून सेंट जेम्सेस प्लेस या मोठ्या ग्राहकाने डिसेंबर 2024 मध्ये काम काढून घेतले आणि इम्पॅक्सचा शेअर जोरात कोसळला.

प्रतिसाद 2:
वरील मताशी सहमत आहे, मात्र विश्वासार्हतेची जोखीम त्यात यायलाच हवी. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या मालमत्ता व्यवस्थापन कंपनीने आपल्या ईएसजी कामाविषयी वाढवून दावे केल्याच्या आरोपांची अमेरिकेत चौकशी सुरू असल्याची बातमी ऑगस्ट 2021 मध्ये आली, तेव्हा तिचा शेअर एका दिवसात 13 टक्क्यांहून अधिक घसरला. मे 2022 मध्ये तिच्या फ्रँकफुर्टच्या कार्यालयांवर पोलिसांचे छापे पडले आणि पाठोपाठ मुख्याधिकाऱ्यांनी पद सोडले. या दाव्यांबद्दल अमेरिकी नियामकाने 2023 मध्ये केलेला दंड 1.9 कोटी डॉलरचा होता. त्या एका दिवसात बुडालेले बाजारमूल्य त्याच्या कितीतरी पट होते. दंडाची तरतूद मांडून ही जोखीम मोजली असे समजणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. भारतातील नोंदणीकृत कंपन्यांना हे कसे लावावे?

प्रतिसाद 1:
आपल्याकडे एकूण मालमत्तेत ईएसजी योजनांचा वाटा अजून किरकोळ आहे, त्यामुळे त्यापोटी गुणोत्तर वाढवू नये. खर्चाचा अंदाज मात्र थोडा वाढवावा, कारण सेबीच्या जुलै 2023 च्या परिपत्रकानुसार अशा योजनेला किमान 80 टक्के मालमत्ता जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणेच गुंतवावी लागते आणि तसे केल्याची स्वतंत्र पडताळणीही करून घ्यावी लागते. योजना लहान असली तरी हे काम टळत नाही.