आबांच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या मजकुरात 'तुरुंग' लिहावं का?

येरवड्याची_लेक:
पुढच्या महिन्यात आबांचं वर्षश्राद्ध आहे. पेपरात चार ओळी द्यायच्यात, शिवाय घरच्यांसाठी पानभर आठवण छापायची आहे. थोरला भाऊ म्हणतो, "निवृत्त शासकीय कर्मचारी" एवढंच लिहू, कारण त्याच्या मुलीला स्थळं बघणं चाललंय. मला नाही पटत. माणूस शिपाई म्हणून लागला, हवालदार झाला, सुभेदार म्हणून निवृत्त झाला. सगळा जन्म जेलमध्ये गेला आणि कागदावर जेलच नाही?

अडचण अशी की आबा ड्यूटीबद्दल घरी बोलायचेच नाहीत. येरवडा म्हटलं की पाहुणे हमखास विचारायचे, १९३२ साली गांधीजींनी उपोषण केलं तो आंबा पाहिलाय का? आबा म्हणायचे, "यंदा मोहोर कमी आहे." संपलं.

मला ठाऊक आहे ते सगळं कडेकडेचं. संध्याकाळी बंदी व्हायची, म्हणजे कैद्यांना मोजून बराकीत कोंडायचं; गिनती जुळली की आबांची सुटका. आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि इकडे आमचं लक्ष्मीपूजन खोळंबायचं. बराकीचे गज काठीने ठोकून बघायचे, कापलेला गज बद्द वाजतो म्हणून. धानोरीत फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसासमोर त्यांनी एकूण एक ग्रिल तशीच ठोकली. मी लाजून स्वयंपाकघरात पळाले.

काही वर्षं कैद्यांची पत्रं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. येणारं-जाणारं प्रत्येक कार्ड वाचायचं. घरी मात्र माझं पत्र आलं की पाकीट पालथं करून टेबलावर ठेवायचे, पाठवणाऱ्याचं नावसुद्धा दिसू नये असं. कॉलेजात असताना एका मुलाची पत्रं येत. आईचा जीव वरखाली व्हायचा, पण आबांनी तिला पाकिटाला हात लावू दिला नाही. (तो मुलगा आता घरजावयासारखा आईच्याच हातचं जेवतो.)

मग स्वतंत्रपूर. आटपाडीजवळची खुली वसाहत, औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. तिथे बदली झाली तेव्हा आबांना दुपारी निवांत झोपलेलं आम्ही पहिल्यांदा बघितलं. त्या वसाहतीत शिक्षा भोगलेले एक गृहस्थ दहाव्याला आले होते. त्यांच्याबद्दल लिहू का?

कळंबा_क्वार्टर:
बिनधास्त लिहा. माझे वडील कोल्हापूरच्या कळंबा जेलला होते. माझ्या लग्नपत्रिकेत हुद्दा छापला होता, कुणाचं काही अडलं नाही. सासरच्यांनी एवढंच विचारलं, अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू खरंच कैदी वळतात का? 'तुरुंग' खटकत असेल तर खात्याचं नाव घाला, 'कारागृह व सुधारसेवा'. भाऊही गप्प बसेल.

निवृत्त_हवालदार:
ताई, त्या गृहस्थांचं नाव, गाव, धंदा काही नको. "एक माजी बंदी" असंही नको. दहाव्याला गावातली माणसं होती ना? ती वाचतील आणि लगेच ओळखतील. त्यांच्या सुनेला हे माहीत आहे का, हे आपल्याला माहीत नाही. आणि 'शिस्तप्रिय' लिहू नका, दर सुभेदाराच्या मागे तोच शब्द चिकटवतात.

दीड_शहाणा:
थोडं कडू बोलतो. माझा भाऊ काही महिने कच्चा कैदी होता. मुलाकातीसाठी म्हातारी आई भर उन्हात ताटकळायची आणि गेटवरचा माणूस तिच्याशी 'अगं-तुगं' करायचा. त्यामुळे जेलवाल्यांचं कौतुक मला सहज पचत नाही. पण पाकीट पालथं ठेवणारा माणूस आवडला. बाकी काही गाळा, ते गाळू नका.

येरवड्याची_लेक:
सगळं भावाला वाचून दाखवलं. दीड_शहाणा, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला. पेपरात "निवृत्त सुभेदार, येरवडा मध्यवर्ती कारागृह" जाणार. दहाव्याच्या गृहस्थांबद्दल अक्षर नाही. ग्रिलचा किस्सा तेवढा काढ म्हणतोय, कारण बिल्डर त्याचा मित्र होता. तो मी ठेवणार आहे.