लानवुदिन: पाण्याखाली गेलेल्या वेल्श पॅरिशचा (एका चर्चच्या अखत्यारीतील गावपरिसराचा) इतिहास कसा शोधावा?

सोलापूरकर: आमचे मूळ गाव उजनी धरणात गेल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लिव्हरपूलच्या पाणीपुरवठ्यासाठी वेल्समधील लानवुदिनचे जुने गाव बुडवले गेले, असे वाचले. त्याचा पूर्वेतिहास आज कशावरून समजू शकेल?

जुनी दप्तरे: धरणाचे बांधकाम १८८१ ते १८८८ या काळात झाले आणि जुन्या चर्चच्या दफनभूमीतील अवशेषसुद्धा नव्या चर्चच्या आवारात हलवण्यात आले. माझ्या मते आरंभ टाइद नकाशांपासून करावा; टाइद म्हणजे चर्चला द्यावा लागणारा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. हा हिस्सा रोख रकमेत बदलणाऱ्या १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या या नकाशांसोबतच्या यादीत, आपल्या सातबाऱ्याप्रमाणे, शेताचा मालक, कूळ आणि जमिनीचा वापर नोंदवलेला असतो. ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते इंटरनेटवर खुले केले आहेत.

भीमाकाठ: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पॅरिश चर्चने ठेवण्याचा आदेश १५३८ चा असला, तरी अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रार्थनागृहांतील लोक, जे वेल्समध्ये फार मोठ्या संख्येने होते, त्यांत अनेकदा सापडत नाहीत. शिवाय वडिलांचे नावच आडनाव म्हणून लावण्याची रीत ग्रामीण भागात दीर्घकाळ टिकल्याने घराणे शोधताना शेतवाडीच्या नावाचा आधार घ्यावा.