वजनासाठी आधी कोणत्या डॉक्टरांकडे जावं? इंदूरमधल्यांनी सांगा

राजेंद्रनगरकरीण

नमस्कार. वय ४७, उंची ५ फूट १ इंच, काल काट्यावर भरलं ८८ किलो. हा आकडा इथे लिहावा की नाही यात तीन दिवस गेले. पण तो लपवून विचारलं तर सल्लाही अर्धवटच मिळणार, म्हणून लिहिला.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, दिवसभर खुर्चीवर. २०१९ मध्ये मी ६९ किलोची होते. २०२१ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या पुढे अडीच वर्षं. त्यांना कुशीवर वळवताना एकदा कंबरेत कळ आली आणि तेव्हापासून डावा पाय मुंग्या आल्यासारखा होतो. त्या गेल्या, कंबर तशीच राहिली. रात्री ११ ला त्यांचं शेवटचं औषध द्यायचं असायचं. आता त्या वेळेला हात रिकामे असतात आणि मी शेवेचा डबा घेऊन बसते. भूक नसते. डबा संपतो तेव्हा कळतं.

मागच्या वर्षी एका वजन कमी करण्याच्या सेंटरमध्ये २४ हजारांचं पॅकेज घेतलं. पोटाला पट्टा लावायचे, सकाळ-संध्याकाळ पावडर, बाकी काकडी आणि सूप. दोन महिन्यांत ६ किलो कमी झालं. नंतर केस मुठीने गळू लागले, पावडर थांबवली आणि सहा महिन्यांत ९ किलो परत आलं. तिथे कोणी माझं बीपीसुद्धा मोजलं नव्हतं. मग गुडघ्यासाठी एका डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी एक्स-रे न बघताच "कमी खा, चाला" म्हणून पुढचा पेशंट बोलावला. रिक्षात बसून रडले.

चालू गोळ्या: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५, थायरॉइडची ५०, कंबरेसाठी रात्री प्रीगाबालिन ७५ (तीन वर्षं झाली) आणि कॅल्शियम. थायरॉइडची गोळी विसरू नये म्हणून पहाटेच्या चहासोबतच घेते, कॅल्शियम पण तेव्हाच. आईला डायबिटीस होता. आणखी एक, हे म्हणतात की मी घोरता घोरता मध्येच गप्प होते आणि मग एकदम दचकून श्वास घेते. दुपारी रजिस्टर भरताना डोळा लागतो.

विचारायचं एवढंच की आधी कोणाकडे जाऊ? एमडी मेडिसिन, थायरॉइडवाले, डाएटिशियन, की ती वजनाची इंजेक्शनं देतात त्यांच्याकडे? मला कोणासारखं दिसायचं नाही. अन्नपूर्णा मंदिरातून घरापर्यंत गुडघा धरून मध्ये थांबावं न लागता चालत यायचं आहे.

सुदामानगरचे काका

ताई, डॉक्टरांच्या मागे लागू नका. सकाळी कोमट पाणी, मध, लिंबू आणि पिपल्यापाळ्याच्या रीजनल पार्कला रोज दोन फेऱ्या. माझं ५ किलो उतरलं. रात्रीचं जेवण ७ च्या आत करा. देवावर विश्वास ठेवा.

निवृत्त सिस्टर

काका, चालणं उत्तम, रात्री लवकर जेवणंही चांगलं. पण या ताईंना तुमचा उपाय पुरणार नाही. त्यांनी लिहिलेल्यात चार गोष्टी अशा आहेत की त्यांना डॉक्टरांनीच हात घालायला हवा. मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात होते, त्यातली शेवटची ११ मेडिसिन वॉर्डात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट झोपेची, ताई, आणि तीच सगळ्यात आधी. घोरताना श्वास थांबणं, दचकून उठणं, दिवसा डुलक्या, वर बीपी. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्री श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू उठवतो, असं रात्रभर चालतं. सकाळी माणूस न झोपल्यासारखा उठतो. अशा माणसाला गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, चालायची ताकद नसते आणि बीपी गोळ्यांना दाद देत नाही. तुम्ही स्वतःला आळशी समजत असाल तर आधी तो समज काढून टाका. स्लीप स्टडी करून घ्या, आता मशीन घरी आणून एका रात्रीत होते. यजमानांना म्हणावं, तुम्ही झोपलेल्या असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरांसमोर तो फार कामाला येतो.

दुसरी, थायरॉइडची गोळी चहासोबत. ती नुसत्या पाण्याने, उपाशीपोटी घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. तुम्ही अशी घेत असाल तर ती पूर्ण अंगी लागलीच नसेल. पण हेही सांगते, थायरॉइडमुळे थोडेच किलो वाढतात. १९ किलो त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका.

तिसरी, प्रीगाबालिन. नसांच्या दुखण्याला चांगलं औषध, पण काहींचं वजन त्याने वाढतं आणि पायावर सूजही येते. तुमचं वजन कधी वाढायला लागलं आणि ही गोळी कधी सुरू झाली ते कागदावर लिहून काढा. मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर घाम, घबराट, झोप उडणं असं होतं. ज्यांनी दिली त्यांनाच ती हळूहळू कमी करता येईल का, दुसरं काही देता येईल का, हे विचारा. अ‍ॅम्लोडिपिननेही काहींचे पाय सुजतात, तेही सांगा.

चौथी, रात्री ११ चा डबा. ताई, तो शेवेचा प्रश्न नाही. तुम्ही अडीच वर्षं एका माणसाची शुश्रूषा केली आणि ती संपल्यावर तुमचं दुःख कोणी विचारलं नाही. मी वॉर्डात अशा कितीतरी सुना-मुली पाहिल्या आहेत. समुपदेशकाकडे एकदा जाऊन या. जायला संकोच वाटला तर १४४१६ वर फोन लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास.

आता कुठे जायचं ते. आधी एमडी मेडिसिन. खाजगीत परवडत नसेल तर एमवाय या सरकारी रुग्णालयाची मेडिसिन ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन पर्ची काढा, तिथून पुढच्या विभागात पाठवतात. शुगर किंवा थायरॉइड बिघडलेलं निघालं तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. डाएटिशियनच्या नावापुढे आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, आहे का बघा. नुसता "न्यूट्रिशन कोच" असा बोर्ड कोणीही लावू शकतं.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. दर वर्षी वजन किती होतं ते एका कागदावर लिहा. कंबरही शिंप्याच्या टेपने मोजा. आपल्या भारतीय बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेली की डॉक्टर लक्ष देतात. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण ३६ ते ३७ येतो, आणि आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण पोटावरची चरबी आपल्याला लवकर बाधते. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), चरबीची तपासणी, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पोटाची सोनोग्राफी हे डॉक्टर सांगतीलच. नाही सांगितलं तर विचारा, त्यात लाज कसली.

केस का गेले तेही समजून घ्या. फार कमी खाऊन वजन झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, स्नायू झडतात, पित्ताशयात खडेही होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याच्या पुढे घाई नको. ८८ मधले साडेचार ते नऊ किलो उतरले तरी बीपी, साखर, लिव्हर यांना फरक पडतो आणि गुडघ्याला तर पडतोच. ६९ चा आकडा सध्या डोळ्यांपुढून बाजूला ठेवा.

ज्यांनी एक्स-रे पाहिला नाही त्यांच्याकडे परत जाऊ नका. शेवटच्या वर्षी मी आमच्या नवीन मुलींना सांगायचे, जाड पेशंटची तक्रार आधी ऐकायची, वजनावर मग बोलायचं.

खजराना चौक

ताई, इंजेक्शनचं मी सांगतो, कारण मी घेतोय. वय ५२, शुगर ९ वर्षांपासून, वजन १०४ होतं. मोहल्ल्यात एक भिया म्हणाला, "माझ्या ओळखीच्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतं." मी घेऊनच टाकलं असतं. बायकोने अडवलं, तिचे उपकार.

एंडोक्रायनॉलॉजिस्टनी आधी दोन गोष्टी विचारल्या. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर होता का, आणि मला स्वादुपिंडाची सूज आली होती का. असेल तर हे औषध देत नाहीत, असं म्हणाले. साधा कमी थायरॉइड असला तर चालतं, म्हणून तुमची ५० ची गोळी त्यात आडवी येणार नाही. मला टिर्झेपॅटाइड दिलं, आठवड्यातून एकदा, पोटावर. पहिले चार आठवडे अडीच मिलीग्रॅम, मग पाच. घाईने डोस वाढवला की उलट्या होतात. मला दुसऱ्या आठवड्यात मळमळ होती आणि बद्धकोष्ठ तर फारच. सेमाग्लुटाइडही त्याच जातीचं आहे, त्याचं इंजेक्शनही आठवड्याचंच.

खर्चाचा विचार आधीच करा. मौंजारो, म्हणजे हेच टिर्झेपॅटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा अडीचची कुपी साडेतीन हजारांची आणि पाचची ४,३७५ ची होती. महिन्याला चार लागतात. सोडलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते आवडलं. सात महिन्यांत मी ९२ वर आलो. सोबत डाळ, पनीर, अंडी वाढवली आणि आठवड्यातून तीन दिवस हलकी वजनं उचलतो, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात.

तुम्हाला ते हवं की नको हे तपासण्यांनंतर डॉक्टरच ठरवतील. मेडिकलवाल्याला ठरवू देऊ नका, एवढीच हात जोडून विनंती.

वैशालीनगरची लेक

माझ्या आईची बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजनासाठीचं पोटाचं ऑपरेशन, झाली आहे, म्हणून फक्त विम्याचं सांगते. ४० च्या वर बीएमआय, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारी शुगर असेल, आणि डॉक्टरांनी सुचवलेली असेल, तर ऑपरेशन विम्यात बसू शकतं. वेटिंग पीरियड असतो. त्यामुळे आत्ता करायचं नसलं तरी स्लीप स्टडीचा रिपोर्ट जपून ठेवा, काकू. आम्ही एक कागद हरवला होता, त्यापायी दीड महिना गेला.

राजेंद्रनगरकरीण

आज पंचवीस दिवसांनी लिहिते आहे. सिस्टर, तुमचं उत्तर मी छापून पर्समध्ये ठेवलं होतं, डॉक्टरांच्या खोलीत ते काढून वाचलं. त्या एमडी मेडिसिन आहेत. पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर मांडली, वीस मिनिटं घेतली. वजनाचा कागद बघून त्यांनी २०२२ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "या वर्षी घरात काय झालं?" मला बोलताच येईना. त्या थांबल्या.

एचबीए१सी ६.१ निघालं, म्हणजे डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर. टीएसएच ७.८, म्हणजे जास्त. गोळी तेवढीच ठेवली आहे, नुसत्या पाण्याने घ्यायची आणि सहा-आठ आठवड्यांनी परत तपासायचं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, दुसऱ्या ग्रेडचं. स्लीप स्टडीत तासाला ३४ वेळा श्वास अडकतो असं आलं. तिशीच्या वर गंभीर धरतात. हा आकडा ऐकल्यावर हे घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत, रात्री स्वतः उठून माझी उशी उंच करून दिली. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन भाड्याने आणलं आहे. पहिल्या दोन रात्री मास्क काढून फेकावासा वाटला, नाकाच्या हाडावर वळ उठले. कंपनीच्या मुलाने लहान मास्क आणून दिला, आता सोसतो.

प्रीगाबालिन कंबरेच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला घेतली आहे. सोबत फिजिओथेरपी.

डाएटिशियनकडे जाताना वाटलं होतं पोहे बंद करतील. नाही केले. मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी जास्त, पोहे निम्मे, शेव वरून एक चमचा, जिलेबी महिन्यातून एकदा आणि ती दुकानात बसूनच, घरी बांधून आणायची नाही. थालीपीठ चालतं, सोबत दही. रात्री वरण आधी, भात शेवटी. भुट्ट्याचा कीस खाऊ का विचारलं, तर म्हणाल्या, तुपाचा चमचा मोजून घाला आणि तेच जेवण समजा.

१४४१६ ला मी दोनदा फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला. पलीकडच्या बाईंनी सासूबाईंचं नाव विचारलं, मग त्या कशा होत्या ते विचारलं. चाळीस मिनिटं बोलले. आता ११ वाजता डबा वरच्या फळीवर असतो आणि मी सासूबाईंची जपमाळ घेऊन बसते. एखाद्या रात्री डबा खाली येतोच, तेही त्या कागदावर लिहिते, कारण डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलं आहे.

वजन ८६.७. इंजेक्शनचं काय ते थायरॉइडचा नवा रिपोर्ट आल्यावर बोलू असं डॉक्टर म्हणाल्या आहेत, तोपर्यंत घाई नाही. खजराना चौकवाले दादा, तुमचे आकडे यांनी वहीत उतरवून घेतले आहेत.

परवा दुपारी फीचं पूर्ण रजिस्टर भरलं, डोळा लागला नाही. अन्नपूर्णेहून अजून एकदा थांबावं लागतं, दुधाच्या दुकानापाशी. सिस्टर, मास्कच्या पट्ट्यांनी गालावर खाज येते, त्यावर खोबरेल लावलं तर सिलिकॉन खराब होतं का?

निवृत्त सिस्टर

होतं बाळा, तेलाने सिलिकॉन मऊ पडतं. पट्ट्यांखाली सुती कापडाची घडी घाल, मास्क रोज सकाळी साबणाच्या कोमट पाण्याने धू आणि सावलीत वाळव. खाज गेली नाही तर त्या मुलाला परत बोलव, पट्टी घट्ट बसली असेल.