बँकेच्या नोंदींचे खाते यंत्राने ठरवावे का?

रोजकीर्द: ‘बीनकाउंटला स्मार्ट इम्पोर्टर जोडा आणि हिशेब विसरून जा’ हा सल्ला वाचून राहवले नाही. बीनकाउंट हा साध्या मजकूर-फाइलीत हिशेब ठेवण्याचा प्रोग्राम, आणि स्मार्ट इम्पोर्टर हे त्याला जोडायचे साधन. ते साधन आपल्याच जुन्या नोंदींवरून नव्या नोंदीचे खाते, म्हणजे किराणा, औषधे असे खर्चाचे सदर, ठरवते. पण यूपीआयच्या तपशिलात बहुधा पैसे कोणाला गेले एवढेच असते, कशासाठी गेले ते नसते. एकाच दुकानातून मी घरचा किराणा घेतो आणि कार्यालयाचे चहासामानही. यंत्र दोन्हींना किराणा म्हणते, आणि बँकखात्याची शिल्लक तरीही जुळत असल्यामुळे ही चूक कोणत्याही पडताळणीत सापडत नाही.

खतावणी: एका दुकानासाठी सगळेच हाताने लिहायचे का? वीजबिल, विम्याचा हप्ता, घरभाडे यांना एचलेजर या तशाच प्रोग्रामच्या नियम-फाइलीत ‘अमुक नाव आले की अमुक खाते’ असा एकेक नियम पुरतो, आणि तेथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही. हाताने लिहिण्याच्या आग्रहापायी मार्चअखेरीस वर्षभराच्या नोंदी तुंबल्या आणि मी हिशेब ठेवणेच सोडले होते.

नावेजमा: मूळ दोष बँकांचा आहे. माझी बँक तपशील अर्ध्यावर तोडते आणि पैसे पाठवताना मी लिहिलेली टीप बँकेतून उतरवायच्या नोंदींच्या फाइलीत (सीएसव्हीत) देतच नाही. औषधाच्या दुकानाचा क्यूआर मालकाच्या भावाच्या नावावर आहे. नियम तरी कशावर लिहावा?

खतावणी: बँकेचे गाऱ्हाणे येथे कशाला? त्या नावालाच नियम लावा.

नावेजमा: तोच भाऊ माझा भाडेकरूही आहे! आईच्या औषधांचा वर्षाचा खर्च वेगळा काढताना मला दुकानात जाऊन बिले मागावी लागली. ज्यांच्यावर अशी वेळ आली नाही, त्यांनी हे गाऱ्हाणे क्षुल्लक ठरवू नये.

रोजकीर्द: नावेजमा यांचे म्हणणे रास्त आहे, कारण तपशीलच अपुरा असेल तर त्यावर शिकलेले यंत्रही अपुरेच राहणार. वीजबिलापुरते नियम मला मान्य आहेत, त्यापुढे नाही. बाकीची प्रत्येक नोंद ‘अजून तपासायची’ या अर्थाच्या उद्गारचिन्हासह उचंत खात्यात, म्हणजे खरे खाते ठरेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, पडावी.

खतावणी: एवढे मान्य करायला इतका वाद लागला! पण उचंत खाते रिकामे कोण करणार? माझ्या ओळखीत ते वर्षानुवर्षे फुगलेलेच पाहिले आहे.

रोजकीर्द: दर महिन्याच्या १ तारखेला त्या खात्याची शिल्लक शून्य असल्याचे विधान फाइलीत लिहून ठेवा. बीनकाउंट त्या दिवसाच्या सुरुवातीची शिल्लक तपासते आणि ती शून्य नसेल तर त्रुटी दाखवते.