जिनिंगमधी बोटं गेली, इलाजाचा खर्च कोन देईन?

राजेहो, गावाजोळच्या कापसाच्या जिनिंगमधी माह्या लहान्या भावाची एका हाताची दोन बोटं मशीनमधी गेली, वय 22, पगार 10 हजार, ईएसआय (कामगाराचा सरकारी विमा) नाई. मालक म्हनते 10 हजार घे अन् कागदावर सही कर. काय करू?

— सही करू नोको बापा! कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या 2009 च्या दुरुस्तीपासून इलाजाचा जेवढा खरा खर्च तेवढा मालकालेच द्या लागते, त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत बी तेच हाय. बिलं, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या चिठ्ठ्या साऱ्या जपून ठेव.

— अन् बोटाचे पैसे वेगळे हां, इलाजाच्या खर्चात मोजाचे नाई. कायद्यात दोन बोटं म्हंजे कमाईची 20 टक्के ताकद गेली असं धरते. पगाराचे 60 टक्के 6 हजार, कायद्याच्या तक्त्यातला 22 वयाचा आकडा 221.37, गुनाकार कर अन् त्याचे 20 टक्के काढ, 2,65,644 होते. अन् थो 10 हजार दाखवून रायला!

— दावा दोन वर्षाच्या आत टाक. हजेरीचा फोटो हाय का? आमच्याइकडं मालक म्हने हा आमचा मानूसच नाई.

— हजेरी नाई, पन पगार फोनपेवर येते.

— मंग झालं, तेच काढून ठेव.